रंगाचा फोटो

बुधवार, ७ फेब्रुवारी १९६८. खामगाव

शेवटी आज बाबाला दवाखान्यात दाखल केलं. महिनाभर माय म्हणत होती, तोंड सुजलंय ते जागरणानं. मग म्हणाली कामानं, मग म्हणाली नजर लागली. वरवट बकालच्या आमच्या वाड्यात सुजलेलं तोंड ही काही नवलाची गोष्ट नाही, दर चार-दोन घरांत एक असतंच, म्हणून कुणी मनावर घेत नाही. पण गेल्या आठवड्यात त्याच्या पोटात अन्न ठरेना आणि वहाणेत पाय जाईना. तेव्हा मी कुणाचं ऐकलं नाही. शाळेतून रजा काढली, त्याला एस.टी.त बसवलं आणि इथे शेठजींच्या धर्मादाय दवाखान्यात घेऊन आले.

एस.टी.त बाबाने मांडीवर आपल्या विहिरीच्या पाण्याची कळशी धरली होती. खारपाणपट्ट्यातली माणसं आम्ही, गोडं पाणी बाधतं म्हणतो. मी म्हटलं, "खामगावात पानी नाही काय?" तर म्हणाला, "हाय. पन आपल्या पान्याले चव हाय." कसली चव! त्यात डाळ शिजत नाही. पाहुणा पहिल्या घोटालाच तोंड वाकडं करतो आणि आम्ही हसतो.

इथले डॉक्टर सोवनी पुण्याकडचे. बाबाचे पाय दाबून पाहिले, रक्त न्यायला सांगितलं, लघवी न्यायला सांगितली, सगळं माझ्याकडे न पाहता. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे हे मी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा ते "असं का" म्हणाले.

शेजारच्या खाटेवर सोनाळ्याचे हिंमतराव पाटील आहेत, कमरेतल्या कळीने बेजार. त्यांची बायको मंजुळाबाई बोलकी आहे. कुठले, कोण, किती पोरं, सगळं विचारून झालं. मी आम्ही बौद्ध असल्याचं सांगितलं तशी तिने आपला पाण्याचा तांब्या खाटेच्या पलीकडच्या बाजूला सरकवला. गप्पा मात्र तशाच चालू. तिला बहुतेक कळलंही नसेल आपण काय केलं ते. मला कळलं.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

आज वॉर्डात जत्रा होती. हिंमतरावांचा रंगाचा फोटो काढला. दंडाच्या शिरेत रंगाच्या औषधाची सुई देतात, ते औषध रक्तातून गुर्द्यांत उतरतं आणि मग क्ष-किरणाच्या फोटोत गुर्दे उमटून दिसतात. हे मला कंपाउंडरने सांगितलं. त्याच्याकडून कळलं तेवढंच.

हिंमतराव आल्यापासून तीच गोष्ट दहांदा सांगतायत. "सुई गेली अन् कानापासून अंगठ्यालोक आग आग! वाटे, अंगातलं समदं जहर जळून राह्यलं." फोटो खिडकीशी धरून सगळ्यांनी पाहिला. दोन पांढरे गुर्दे, खाली नळी, नळीत मुतखडा. अख्ख्या वॉर्डाला आपापला फोटो हवासा वाटायला लागला.

डॉक्टर मंजुळाबाईच्या शेजारी स्टुलावर बसून कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर तांबड्या पेन्सिलीने चित्र काढून तिला काय काय सांगत होते. मी बाबासाठी पेज आणायला खाणावळीत गेले, परत आले तरी चालूच होतं. तिला सही करता येत नाही, अंगठा देते. आमच्याच खाटेला टेकून बसले होते, पण पाठ आमच्याकडे.

ते उठले तेव्हा मी विचारलं, "आमचा कधी काढणार?"

"कुणाचा?"

"माझ्या वडिलांचा. जानराव. रंगाचा फोटो."

"त्यांना नाही द्यायची ती सुई."

"का?"

"त्यांना चालणार नाही. तुम्हाला नाही कळायचं बाई ते." आणि गेले.

मी नॉर्मल स्कूलच्या, मास्तरकीच्या परीक्षेत जिल्ह्यात तिसरी आले होते. मला गुर्दा कळणार नाही! त्यांना चालतं, यांना चालत नाही. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. विहिरीवर ऐकलं, हॉटेलात ऐकलं. दवाखान्यात आज पहिल्यांदा ऐकलं. इतका संताप झाला की पेज द्यायचीही शुद्ध राहिली नाही.

बाबा म्हणाला, "चांगुणा, थो डॉक्टर त्या बाईले सांगत होता का ज्याचे गुर्दे धड हायत त्यालेच..."

"त्याहीचं नोको सांगू मले," मी म्हटलं. "तुले धड ऐकू तरी येते काय?"

त्याने पेजेचं भांडं स्वतःच ओढून घेतलं.

सोमवार, १२ फेब्रुवारी. वरवट बकाल

दवाखान्यातून सुटी मिळाली. पुड्या दिल्या आहेत. मीठ बंद, डाळ थोडी, आणि पाणी. हो, पाणी! डॉक्टर दारापर्यंत आले आणि म्हणाले, "पाणी वेळच्या वेळी देत जा. तहानलेलं अजिबात ठेवू नका." हे सांगायला विलायतेची डिग्री भिंतीवर टांगावी लागते? हिंमतरावांना मशीन आणि आम्हाला पाणी. तेही आमच्याच विहिरीचं.

एवढ्यानेही बाबाला बरं वाटतंय ते वेगळं. ओकारी थांबली. पण ते पुड्यांनी असेल.

सोमवार, १९ फेब्रुवारी

शाळा. हेडमास्तर उकंडराव गुरुजींनी बाबाची चौकशी केली, मनापासून केली. मग चहा आला. माझी कपबशी अजून वेगळी येते, काठाला निळी रेघ असलेली. मी ती कधीपासून ओळखते. आज मी मुद्दाम गुरुजींचा कप उचलला आणि प्यायले. गुरुजी हसले, म्हणाले, "घ्या, घ्या." मग त्यांना चहा नको झाला, पित्त झालंय म्हणाले.

घरी येऊन बाबावर चिडले, उगाच. मी पहिल्या पगारातून पितळेचे चार पेले आणले, ते फळीवर चकाकत बसलेत आणि हा अजून ओंजळ पुढे करतो, माय वरून पाणी ओतते. मी म्हटलं, "बाबा, आता कोनाच्या समोर वाकायचं हाय? पेल्यानं पी." म्हणाला, "वाकत नाही वं. असं पेलं का गार लागते." साठीच्या माणसाला काय शिकवणार.

शनिवार, २ मार्च

सकाळची शाळा आटपून खामगावला जाऊन आले. एकटीच. वाटेत सगळं ठरवून गेले होते, आवाज चढवायचा नाही, कारण लेखी मागायचं. तासभर बाकावर बसवलं. मग दारात उभ्या-उभ्याच बोलणं.

"वडील कसे आहेत?"

"बरे आहेत. फोटोचं विचारायला आले होते."

"सांगितलं ना एकदा. रक्तात युरिया वाढलाय त्यांच्या. फोटो बिटो नको."

"कारण लेखी द्या मला."

"अहो बाई, मला सत्तर पेशंट आहेत."

युरिया! सरकारी गोदामात पोती येऊन पडलीत, गहू-कपाशीला टाका म्हणून ग्रामसेवक घरोघर सांगत फिरतोय, तेच युरिया. ते बापाच्या रक्तात कसं जाईल? आमची अक्कल तेवढीच धरली त्यांनी. काहीतरी तोंडावर फेकायचं, बाई निघून जाते.

परतीच्या एस.टी.त मंजुळाबाई भेटली, माहेरी चालली होती. हिंमतरावांचा खडा पडला, आता शेतात जातात म्हणे. मला जागा करून दिली, बोरं दिली. मी तिला विचारणार होते, डॉक्टर तुम्हाला त्या दिवशी एवढं काय सांगत होते. तोंडापर्यंत आलं. पण तिच्यापुढे हात पसरल्यासारखं वाटलं. बोरं खाल्ली आणि पूर्णेच्या पुलापर्यंत खिडकीतून बाहेर बघत बसले.

रविवार, १० मार्च

अकोल्याहून इंद्रभान आला, माझा चुलतभाऊ. नगरपालिकेत कारकून आहे, पक्षाचं काम करतो, सायकलला घंटी मोठी. त्याला सगळं सांगितलं. तो खाटेवर जोरात थाप मारून म्हणाला, "कोन नाही म्हनते पाहूच! अकोल्यात एक्स-रेवाल्या डॉक्टरसंगं माही वळख हाय. काकाचा फोटो निंगल, अन् खामगावच्या थोबाडावर नेऊन मारू."

मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी आपल्या बाजूचं आहे असं वाटलं.

बाबा अंगणात दोरी वळत होता. म्हणाला, "मले त्या सुईचं काय करायचं हाय? मी तं आता बराच हाय."

"बाबा, प्रश्न तुह्या एकट्याचा नाही."

त्याने दोरीला आणखी एक पीळ दिला. म्हणाला, "मंग घेऊ. तुह्या मनात हाय तं घेऊ. पन जयंतीच्या पयले वापस आनजो मले. रांजन भराचे हायत."

जयंतीची त्याला भारी काळजी. दर चौदा एप्रिलला मिरवणूक आमच्या दारात थांबते आणि बाबा सगळ्यांना पाणी देतो. त्यासाठी आदल्या दिवशी बैलगाडी जोडून सोनाळ्याहून, डोंगराच्या पायथ्याचं गोडं पाणी आणतो. एरवी बाधणारं गोडं पाणी त्या दिवशी कुणाला बाधत नाही. मिरवणूक सुरू झाल्यापासून त्याने हे एकदाही चुकवलेलं नाही.

बुधवार, २७ मार्च. अकोला

इंद्रभानच्या खोलीवर आहोत. उन्हाने भिंती तापल्यात.

एक्स-रेवाले डॉक्टर बोलायला छान. मला "बसा मॅडम" म्हणाले. मला कुणी मॅडम म्हणण्याची ही पहिलीच वेळ, मी ते इथे लिहून ठेवतेय. बाबाला विचारलं, कळ येते का, लघवीला जळजळ होते का. मग मला विचारलं, "याआधी कुठे दाखवलं होतं? रक्त वगैरे तपासलंय?"

मी तोंड उघडलं होतं. इंद्रभान म्हणाला, "नाही साहेब, कुठंच नाही. थेट तुमच्याकडंच आणलं."

मी गप्प राहिले. खामगावचं नाव काढलं असतं तर यांनी तिकडे विचारलं असतं, आणि तिकडून पुन्हा तेच आलं असतं, यांना चालत नाही. एक दार मोठ्या मुश्किलीने उघडलंय, ते मीच कसं लावणार?

फोटो उद्या सकाळी. आज एरंडेल द्यायचं आणि दुपारपासून पाणी बंद. थेंबसुद्धा नाही, कोरडा माणूस असला की रंग घट्ट उतरतो आणि फोटो स्वच्छ येतो. मी डॉक्टरांना म्हटलं, काळजी करू नका, माझ्या हाताखालची पोरंसुद्धा शिस्तीत असतात.

गुरुवार, २८ मार्च

जिंकले! आधी हेच लिहिते, मग बाकीचं.

सकाळी आठला जाऊन बसलो तर बिजली गेलेली. मशीन बंद. नऊ, दहा, अकरा, उन्हाचा नुसता जाळ. व्हरांड्यात बाकावर बाबा बसला होता, एरंडेलाने रात्रभर पोट गेलेलं, ओठांना पापुद्रे आलेले. आणि नेमकी रस्त्यापलीकडे कुण्या व्यापाऱ्याने पाणपोई घातलेली. लाल फडकं गुंडाळलेले माठ, बाई बसलेली, येणाराजाणारा पितोय. बाबाची नजर तिकडून हलेना.

"चांगुणा, एक घोट."

"नाही बाबा. थोडा दम धर."

जरा वेळाने पुन्हा. "तोंड वलं करतो न थुकतो."

"नाही म्हनलं ना एकडाव! फोटो खराब होईल."

मग तो हसल्यासारखं करून म्हणाला, "लहानपनी आमी विहिरीच्या काठावर असेच बसत होतो. उन्हात. कोनी बाई येईल, वरून टाकील, मंग पेयाचं. कधी कधी दुपार व्हून जाय."

मला ते त्या वेळी ऐकवेना. "बाबा, ते येगळं होतं. हे डॉक्टरानं सांगतलं हाय."

"तवाबी कोनी तरी सांगतलंच होतं," तो म्हणाला.

म्हातारी माणसं कशाची कशाशी गाठ घालतील नेम नाही. मी उठून त्याच्या आणि पाणपोईच्या मधे बसले, म्हणजे दिसायला नको.

दीड वाजता बिजली आली. सुई दिली. मी दारातून बघत होते. बाबाचा चेहरा लाल झाला, डोळे मोठे झाले, आणि मग तो मला म्हणाला, "हाव वं, आग आग होते. हिंमतराव खोटं नोता बोलत." मला रडू आलं, आनंदाने. जे पाटलाच्या शिरेत गेलं ते माझ्या बापाच्या शिरेत गेलं.

पण फोटो उठेना. डॉक्टरांनी एकामागून एक तीन काढले, ओले फोटो दिव्यासमोर धरून बघत राहिले. पाठीचा कणा दिसत होता, बरगड्या दिसत होत्या, गुर्द्यांच्या जागी काहीच नाही. मी विचारलं तर म्हणाले, "रंग कमी पडला असेल. डोस वाढवून बघू." दुसरी सुई दिली. पुन्हा फोटो. पुन्हा कोरा. मग म्हणाले, मशीनला व्होल्टेज नीट मिळत नाहीये, महिन्याभराने या.

इंद्रभान हिरमुसला. मी नाही. फोटो काय, पुन्हा निघेल. हिंमतरावांना एक सुई मिळाली होती, आम्हाला दोन मिळाल्या. आणि मला मॅडम म्हणून मिळाल्या.

बाहेर आल्यावर बाबाने पाणपोईवर ओंजळ धरली. पण दोन घोटांतच सगळं बाहेर आलं.

रविवार, ३१ मार्च. वरवट बकाल

बाबा काल आल्यापासून झोपूनच आहे. काही खात नाही. माय म्हणते, अकोल्याहून आल्यापासून लघवीला उठलाच नाही. मी म्हटलं, एरंडेलाने अंगातलं पाणी गेलंय, ऊन लागलंय, येईल.

संध्याकाळी त्याचं तोंड पुन्हा सुजलं, पूर्वीपेक्षा जास्त. डोळे बारीक झालेत. हात लावला तर बोटाचा खड्डा तसाच राहतो.

मंगळवार, २ एप्रिल. खामगाव

काल आमच्या वाड्यातल्या दयाराम ड्रायव्हरच्या जीपने आणलं. दुसरं कुठे नेणार? संपूर्ण वाटेत मी एकच गोष्ट घोकत होते, या माणसापुढे मान खाली घालायची नाही.

डॉ. सोवनींनी चादर बाजूला केली, पोट पाहिलं, मायला विचारलं लघवी कधीपासून बंद. मग मला विचारलं, "काय दिलंत यांना?"

मी सांगितलं. दोन सुया, एरंडेल, पाणी बंद, सगळं.

"रंगाची सुई? यांना? दोनदा? आणि पाणी तोडून?" ते ओरडले. अख्खा वॉर्ड वळला. "मी नाही म्हणून सांगितलं होतं ना! दोनदा सांगितलं होतं! तुम्हाला काय वाटलं, मी औषध वाचवतोय?"

"हो," मी म्हटलं. "तेच वाटलं."

मी मग थांबलेच नाही. आजवर जे गिळलं ते सगळं वर आलं. "द्यायची नाही, एवढंच सांगितलंत. का नाही, ते एकदाही नाही सांगितलं. मंजुळाबाईला तुम्ही चित्र काढून दाखवलंत. स्टुलावर बसून. तिचं तर सगळं ठीक होतं. मला म्हणालात, तुम्हाला कळायचं नाही."

"तुम्ही ऐकलं नसतं."

"तुम्ही सांगितलं नव्हतंत."

त्यांनी नर्सला स्टूल आणायला सांगितलं, माझ्यासमोर बसले, खिशातून कागद काढला आणि चित्र काढलं. दोन गुर्दे. हे गाळणं आहे, म्हणाले. रक्तातली घाण गाळून लघवीवाटे बाहेर काढतं. गाळणं बंद पडत चाललं की ती घाण रक्तात साठते, तिचं नाव युरिया, ती शरीरातच तयार होते. रंगाचं औषधही याच गाळण्यातून बाहेर पडावं लागतं. धड गाळणं तो भार सोसतं. तुमच्या वडिलांचं बरंचसं आधीच गेलं होतं, थोडं उरलं होतं, त्यावर ते जगत होते. पाणी तोडल्याने ते थोडंही सुकलं, आणि सुकलेल्यावर औषध पडलं. फोटो कोरा आला तो मशीनमुळे नाही. रंग उतरायला गुर्द्यांत जागाच नव्हती.

बाबा उशीवरून त्या चित्राकडे बघत मान हलवत होता, ओळखीचं काही दिसल्यासारखा.

दहा मिनिटं लागली. मला सगळं कळलं. पहिल्या शब्दापासून कळलं. त्यात अवघड काहीच नव्हतं, माझ्या चौथीच्या पोरांनाही समजलं असतं. हेच मला सहन होत नाहीये. अवघड असतं तर बरं झालं असतं.

शनिवार, ६ एप्रिल

रक्त धुणारं मशीन मुंबईला आहे म्हणतात, तिथवर बाबा पोचणार नाही. डॉक्टर रोज दोनदा येतात, स्टुलावर बसतात, मला सगळं सांगतात. आज नाडी कशी, आज छातीत पाणी किती. मला आता ते ऐकायचं नसतं, तरी सांगतात.

आता पाणी मोजून. लघवी नाही म्हणजे पाणी बाहेर जायला वाट नाही, जास्त दिलं तर छातीत चढेल. दिवसाला दोन पेले, घोट घोट करून. बाबा मागतो. मी नाही म्हणते. पुन्हा मीच. आधी फोटोसाठी नाही म्हटलं, आता श्वासासाठी नाही म्हणते. त्याला फरक सांगायला गेले तर तो म्हणाला, "राहू दे वं. तुह्याबी जिवाले किती तरास."

इंद्रभान आला होता. अकोल्याच्या डॉक्टरवर अर्ज करू म्हणत होता. मी म्हटलं, त्यांनी विचारलं होतं रे. आधी कुठे दाखवलं, हे विचारलं होतं. तो चहा न पिताच गेला.

बुधवार, १० एप्रिल. वरवट बकाल

बाबाने हट्ट धरला, घरी न्या. डॉक्टरांनी नाही म्हटलं नाही. जीपपर्यंत आले. मला म्हणाले, "चांगुणाबाई, मी त्या दिवशी..." आणि पुढचं वाक्य त्यांना जमेना. मीही मदत केली नाही. अजून माझा राग गेलेला नाही. त्यांच्यावरचा नाही, माझ्यावरचा तर नाहीच नाही.

रविवार, १४ एप्रिल

रांजण भरायला यंदा दयाराम गाडी घेऊन गेला. काल सोनाळ्याला विहिरीवर मंजुळाबाई भेटली त्याला. जानरावची तब्येत विचारली आणि एक हंडा स्वतः शेंदून गाडीतल्या पिंपात ओतला. हे दयारामने आल्या आल्या सांगितलं. बाबा म्हणाला, "चांगली बाई हाय."

सकाळी त्याचे श्वास वाजत होते. तरी म्हणाला, खाट दारात टाका. टाकली. मिरवणूक आली, लेझीम, निळे झेंडे, घोषणा, धुरळा. दारात थांबली. बाबाने ओगराळं मागितलं. मी पाठीशी उशा लावल्या आणि एका बाजूने त्याला धरून बसले. दयाराम रांजणातून बादली भरून देई आणि बाबा बादलीतून ओगराळ्याने एकेकाला पाणी घाली. निम्मं सांडत होतं. माझे चार पितळी पेले आज पहिल्यांदा फळीवरून उतरले आणि हातोहात फिरले. लेझीमवाली पोरं घटाघट पीत होती. बाबा एकेकाच्या गळ्याकडे बघत होता, खालीवर होणाऱ्या घाटीकडे, आणि विचारत होता, "आनखी? घे, घे आनखी."

मिरवणूक पुढे गेली. लेझीम वळणापलीकडे ऐकू येईनासं झालं. माय आत भाकरी टाकायला गेली. बादलीत थोडं पाणी उरलं होतं. सकाळी पहिला पेला झाला होता, दुसरा संध्याकाळी द्यायचा होता.

बाबाने माझ्याकडे पाहिलं. काही मागितलं नाही. नुसती ओंजळ पुढे केली.

मी एक पेला उचलला होता, तो खाली ठेवला. पेल्यानं पी म्हटलं नाही. नाही म्हटलं नाही. बादली उचलली आणि वरून धार धरली. तो वाकून पीत होता, पाणी कोपरांवरून खाटेवर गळत होतं. त्याने पुरे म्हटलं नाही, आणि मीही थांबले नाही.